स्टंबल गाइजमध्ये वेळेवर उडी मारूनही खेळाडू का पडतो?

स्टंबल गाइज या अडथळ्यांच्या शर्यतीच्या ऑनलाइन खेळात फिरता दांडा जवळ येताच वेळेवर उडी मारूनही आपला खेळाडू पडतो, तेव्हा दोष फोनचा की बोटांचा, असे आपण विचारले आहे. माझ्या अनुभवात तो बहुतेक वेळा नेटचा असतो आणि उरलेल्या वेळा घाईचा.

आमचे गाव वर्धा जिल्ह्यात, आर्वीच्या पुढे आहे. घरात रेंजची एकच काडी दिसत असल्याने पुतण्या आणि मी संध्याकाळी स्लॅबवर जाऊन खेळतो. पिंग म्हणजे आपला संदेश सर्व्हरपर्यंत, म्हणजे खेळ चालवणाऱ्या दूरच्या संगणकापर्यंत, जाऊन परत येण्यास लागणारा वेळ, सेकंदाच्या हजाराव्या भागांत मोजलेला. पाण्याच्या टाकीपासून दूर बसले की तो 80 च्या आसपास स्थिर राहतो. टाकीच्या आडोशाला तोच 60 वरून 300 वर जातो, आणि पुतण्या नेमका तेव्हाच पडतो. इतर खेळाडू आपल्याला दिसतात ते त्यांच्या क्षणापूर्वीच्या जागी, त्यामुळे जो पुढे निघून गेला असे वाटते, त्याचाच धक्का बसू शकतो. पिंग थोडा जास्त पण स्थिर असेल, तर बोटांना त्याची सवय होते. सतत बदलणाऱ्या पिंगची होत नाही.

आता घाईविषयी. स्टंबल गाइजच्या नेहमीच्या सामन्यात 32 असतात आणि पहिल्या फेरीतून 16 जण पुढे जातात. म्हणजे तिथे पहिले येण्याची काहीच गरज नसते. तरीही पोळ्याचे तोरण तुटावे तशी सगळ्यांची झुंबड उडते, आणि आपली उडी अचूक असली तरी मागून आलेला धक्का तिची दिशा बदलतो. मी सुरुवातीला दोन श्वास थांबतो. फिरत्या तबकडीवर शक्यतो मध्याजवळून जावे, कारण केंद्रापासून दुप्पट अंतरावर तिचा वेगही दुप्पट असतो.

फोनवरचा संशय फेडणे सोपे आहे. पडद्यावरची हालचाल सुरळीत असून केवळ इतर खेळाडू अचानक जागा बदलत असतील, तर ते नेटचेच काम समजावे. पण संपूर्ण पडदाच अडखळत असेल, तर सेटिंगमध्ये ग्राफिक्स कमी करून मागे उघडी राहिलेली अ‍ॅप्स बंद करावीत.