कृषी सल्ला : उताराच्या हलक्या रानात पर्माकल्चर जमेल का?

प्रश्न : पारनेर तालुक्यात आमची अडीच एकर हलकी, उताराची जमीन आहे. पाऊस ५०० मिमीच्या आसपास. बाजरी-तूर घेतो, पण जानेवारीतच विहीर तळ गाठते. मुलगा म्हणतो, बाजरी बंद करून सगळ्या रानात झाडं लावू, पर्माकल्चर करू. करावं का?

उत्तर : ताई, जरूर करा, पण सुरुवात झाडांपासून नको, पाण्यापासून करा. १९७० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी पर्माकल्चरचा विचार मांडला. माती, पाणी, झाडं, जनावरं यांची सांगड अशी घालायची, की एकाचं उरलेलं दुसऱ्याच्या कामी यावं.

एक एकरावर १ मिमी पाऊस पडला की साधारण ४ हजार लिटर पाणी होतं. म्हणजे ५०० मिमीच्या वर्षात तुमच्या रानावर ५० लाख लिटर पाणी पडतं. त्यातलं पुष्कळसं माती घेऊन ओढ्याला जातं, खरं नुकसान तिथंच आहे.

ते पाणी रानातच अडवायला आधी समपातळी रेषा, म्हणजे एकाच उंचीच्या जागा जोडणारी रेषा, काढा. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधा, मध्ये आडवी काठी लावा आणि वरून दोरीला दगड सोडा. चौकट उभी करून दोरी आडव्या काठीवर जिथं टेकते तिथं खूण करा, मग पायांची अदलाबदल करून दुसरी खूण करा. दोन्हींच्या मधोमध दोरी आली की दोन्ही पाय एका पातळीत असतात. अशी चौकट पुढं पुढं ठेवत वरच्या अंगापासून रेषा आखा. त्या रेषेवर बांध घाला आणि जादा पाण्याला दगडी सांडवा ठेवा. सांडवा नसला तर पहिल्याच मोठ्या पावसात बांध फुटतो.

बांधावर गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावा, त्याचा पाला छाटून मातीवर पसरा. जोडीला सीताफळ, बोर, शेवगा. मधल्या पट्ट्यात बाजरी-तूर २:१ ओळींनी, उताराला आडवी पेरा. ती बंद करू नका, झाडं हाताशी येईपर्यंत घर त्यावरच चालणार आहे. काडीकचरा जाळू नका, आच्छादनाला वापरा. पहिल्या वर्षी अर्धा एकरच घ्या. तयार ‘पॅकेज’वर पैसे घालवू नका. बांधावरच्या फळझाडांसाठी रोजगार हमीतून मदत मिळते, तालुका कृषी कार्यालयात विचारा.

आता विहिरीचं. ती एकट्या तुमच्या बांधांनी भरणार नाही, कारण भूजल गटनंबर पाहत नाही. तुमच्या शेजारच्या तालुक्यातल्या हिवरे बाजारनं पोपटराव पवारांच्या पुढाकारानं चराईबंदी, कुऱ्हाडबंदी, श्रमदान स्वीकारलं. शेतीसाठी बोअरवेल नको असं ठरवलं. दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. मला तिथं पाणी अडवायला खोदलेल्या चरांइतकेच हे नियम मोलाचे वाटतात. मोकाट चराई चालू असेल तर तुमची रोपं दिवाळीही बघणार नाहीत.

म्हणून मुलाला घेऊन आधी वरच्या अंगाच्या शेजाऱ्याकडे जा. पहिली रेषा त्याच्या रानातून सुरू होऊ शकते. मे महिन्यात आखणी झाली तर मृगाच्या आधी बांध उभे राहतील.