तिथी शोधणाऱ्या टूलचं वर्णन एजंटसाठी कसं लिहावं

तुम्ही विचारलंत की तुमचं तिथीचं टूल वापरणाऱ्या एजंटनं (टूल वापरून लोकांना उत्तरं देणाऱ्या एआय मॉडेलनं) गुढीपाडव्याची तारीख चुकीची का सांगितली. तुमचं टूल चुकलेलं नाही. पुणे आणि १९ मार्च २०२६ दिल्यावर त्यानं 'फाल्गुन अमावास्या' सांगितली, ती बरोबर आहे. त्या दिवशी पुण्याचा सूर्योदय ६.४० च्या सुमारास आणि अमावास्या संपते ६.५३ च्या आसपास. प्रतिपदा तिथून सुरू होते आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पाचच्या आतच संपते. तिला सूर्योदयच मिळत नाही, म्हणून ती क्षय तिथी, आणि पाडवा १९ लाच. एजंटनं अमावास्या पाहिली, एक दिवस मिळवला आणि २० मार्चला गुढी उभारायला सांगितली. वर्णनात 'तारखेवरून तिथी देते' एवढी एकच ओळ असेल तर तो दुसरं काय करणार?

आपण भिंतीवरचं कॅलेंडर बघतो तेव्हा शंका आली तर घरात कुणाला तरी विचारतो. एजंटकडे फक्त टूलचं वर्णन आणि हातात पडलेलं उत्तर असतं. त्यामुळे उत्तर कोणत्या संकेतावर उभं आहे हे वर्णनाच्या पहिल्या दोन-तीन वाक्यांतच यायला हवं. मी असं लिहीन: 'दिलेल्या ठिकाणी, दिलेल्या तारखेच्या सूर्योदयाला चालू असलेली तिथी देते. महिने अमान्त (अमावास्येला संपणारे), वर्ष शालिवाहन शक. त्या सूर्योदयानंतर सुरू होऊन पुढच्या सूर्योदयाआधी संपलेली तिथी क्षय या फील्डमध्ये वेगळी येते. सण किंवा व्रत कोणत्या दिवशी, हे या उत्तरावरून ठरवू नये.'

शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं. लोक एजंटला तिथी क्वचितच विचारतात. विचारतात ते 'उद्या संकष्टी आहे का?' संकष्टी चंद्रोदयाच्या चतुर्थीवर ठरते, रामनवमी मध्यान्हाच्या नवमीवर, आणि एकादशी काही वेळा स्मार्त आणि भागवत अशी दोन दिवशी येते. सूर्योदयाच्या तिथीवरून यातलं काही खात्रीनं सांगता येत नाही. सणांसाठी वेगळं टूल करा आणि या टूलच्या वर्णनात त्याचं नाव घाला. टूल काय करत नाही हे लिहिलं नाही, तर एजंट ते त्याच्याकडून करून घेतोच.

आता ठिकाण. तुम्ही ते ऐच्छिक ठेवलंय आणि दिलं नाही तर गुपचूप मुंबई धरताय. हे काढा, ठिकाण सक्तीचं करा. याच १९ मार्चला न्यू जर्सीत सूर्योदयाला प्रतिपदा असते, कारण तिथे अमावास्या आदल्या रात्री साडेनवाच्या आतच संपलेली असते. तिथे क्षयाचा प्रश्नच येत नाही. इतकं लांबही जायला नको: द्वारकेचा सूर्योदय सातच्या जवळ, म्हणजे तिथेही प्रतिपदाच. न्यू जर्सीच्या महाराष्ट्र मंडळातल्या कुणी पाडवा विचारला आणि टूलनं मुंबईचं उत्तर दिलं, तर एजंट ते ठामपणे तिथलं म्हणून सांगेल. धरलेलं ठिकाण, टाइमझोन आणि सूर्योदयाची वेळ प्रत्येक उत्तरात परत पाठवा, तिथीच्या सुरुवात-शेवटासह. मग मॉडेलला निदान 'सकाळी अमुक वाजेपर्यंत' असं तरी म्हणता येतं.

महिन्यांच्या बाबतीत मॉडेलचं 'ज्ञान' आड येतं. त्यानं उत्तर भारतातल्या पौर्णिमान्त (महिना पौर्णिमेला संपणाऱ्या) पद्धतीचा मजकूरही भरपूर वाचलेला असतो. आपली महाशिवरात्र माघ वद्य चतुर्दशीला, तिकडे तीच फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. फक्त 'माघ' पाठवलंत तर ते तुमचं उत्तर 'सुधारून' देण्याची शक्यता असते. म्हणून दोन्ही नावं दोन वेगळ्या फील्डमध्ये द्या. राष्ट्रीय दिनदर्शिका इथे नाही, हेही एका वाक्यात लिहा. तिचा १ चैत्र २२ मार्चला (लीप वर्षी २१ ला) येतो आणि त्याचा चांद्र चैत्राशी संबंध नाही, पण शक आणि महिन्यांची नावं तीच असल्यामुळे गोंधळ होतोच.

तिथीवरून तारीख शोधणारं तुमचं दुसरं फंक्शन एकच तारीख परत करतं. तिथे नेहमी यादी द्या, एकच नोंद असली तरी. वृद्धी तिथी (लागोपाठ दोन सूर्योदयांना असणारी) असेल तर दोन तारखा येतील. शके १९४८ मध्ये ज्येष्ठ अधिक आहे (१७ मे ते १५ जून २०२६), त्यामुळे 'ज्येष्ठ शुद्ध दशमी' विचारली की अधिक आणि निज (त्यानंतरचा नेहमीचा महिना) अशा दोन्ही नोंदी खुणेसह गेल्या पाहिजेत. वाढदिवसाला कोणती धरायची हे घरचे किंवा गुरुजी ठरवतील, टूलनं ठरवू नये. कोणत्या अयनांशावर (राशीचक्राचा आरंभ कुठे धरला त्या मापावर) गणित केलंय तेही लिहा, कारण त्या फरकानं क्वचित अधिक महिनाच बदलतो.

क्षय तिथीला रिकामी यादी तर मुळीच देऊ नका. रिकामं काही दिसलं की एजंट तेच कॉल तारखा बदलून पुन्हा करत बसतो, नाहीतर सरळ मनानं तारीख ठोकतो. तिथी ज्या दिवसात येऊन गेली ती तारीख द्या आणि सोबत क्षय अशी खूण. चुकीच्या इनपुटवरचा संदेशही असाच उपयोगी हवा. 'अवैध तारीख' वाचून काही कळत नाही. 'तारीख वर्ष-महिना-दिवस अशी द्या, उद्या किंवा आज हे शब्द चालत नाहीत' हे वाचून पुढचा कॉल बरोबर येतो.

पहाटे तीनला जन्मलेल्या बाळाची तिथी मात्र या टूलमध्ये कोंबू नका. पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, तारीख मध्यरात्री. विशिष्ट क्षणाची तिथी देणारं टूल वेगळं करा आणि दोघांच्या वर्णनात एकमेकांचा उल्लेख ठेवा.

हे झालं की एजंटला पाडवा २०२६ पुणे, तोच न्यू जर्सी, आणि निज ज्येष्ठातली एखादी तिथी विचारून बघा. तो कोणतं टूल निवडतो आणि ठिकाण कुठून आणतो, ते लॉग इथे टाका, मग पुढचं बघू.