स्वतःची गाणी प्रसिद्ध करायची आहेत, पण दुसऱ्याच्या हाती द्यायची भीती वाटते. काय करावं?

तुमच्याकडे आठ-दहा गाणी तयार आहेत, शब्द तुमचे, चाल तुमची, आणि संगीत संयोजकाकडे, म्हणजे गाण्याला वाद्यांची साथ बांधणाऱ्याकडे, पाठवायची वेळ आली की हात अडखळतो, असं तुम्ही लिहिलंय. तो चाल चोरेल ही एक भीती, गाण्याची वाट लावेल ही दुसरी. या दोन भीतींचा एकमेकींशी फारसा संबंध नाही. मी बरीच वर्षं कुठल्याही कंपनीशिवाय स्वतःची गाणी काढते आहे आणि दोन्ही भोगल्या आहेत.

चोरीचं आधी सांगते, ते लवकर आटपतं. बर्न करार या कॉपीराइटच्या आंतरराष्ट्रीय कराराचं तत्त्व असं, की रचनेवरचा हक्क ती निर्माण होताच मिळतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. जगातले बहुतेक देश हा करार मानतात. नोंदणी केली तर वाद झाल्यावर ती उपयोगी पडते, एवढंच. मोबाइलवर गुणगुणून ठेवलेला पहिला मुखडा, खाडाखोड केलेला कागद, पाठवलेले मेल हे सगळं तारखांसकट जपा. माझी चाल आजवर कोणी पळवली नाही. मला त्रास झाला तो वेगळ्याच गोष्टीचा.

माझ्या सुरुवातीच्या एका गाण्याचं संयोजन मित्राने केलं. ‘पैशाचं नंतर बघू’ असं दोघंही म्हणालो, आणि मनापासून म्हणालो. त्याने सुरुवातीला बासरीची चार सुरांची एक जागा टाकली. गाणं आल्यावर लोक मुखड्याआधी तीच गुणगुणायला लागले. पुढे एका लघुपटासाठी ते गाणं मागितलं गेलं, तेव्हा तो म्हणाला, गाणं अर्धं माझं आहे. मी म्हणाले, शब्द आणि चाल माझी, तू संयोजन केलंस. आज विचार केला तर दोघांचंही काही अंशी बरोबर होतं. आमचं एकमत होईपर्यंत लघुपटवाल्यांनी दुसरं गाणं घेतलं, आणि आमचं बोलणं दीड वर्ष बंद राहिलं. फसवायचं दोघांच्याही मनात नव्हतं. आम्ही लिहून काही ठेवलं नव्हतं, म्हणून हे झालं.

तेव्हापासून मी पहिल्या बैठकीतच एक पानाचा कागद करते. प्रत्येक गाण्यात दोन मालमत्ता असतात: एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल, दुसरी ध्वनिमुद्रण, ज्याला सगळे मास्टर म्हणतात. दोन्हींचे हक्क वेगळे, रॉयल्टीचे रस्ते वेगळे. म्हणून कागदावर टक्केही वेगवेगळे लिहायचे, आणि दोन्हीकडे बेरीज १०० यायला हवी. वादकाला दिलेलं मानधन एकरकमी आहे की पुढेही वाटा आहे, संयोजकाने नवी सुरावट घातली तर ती रचनेत धरायची की नाही, नावं कशी आणि कुठे द्यायची, हेही त्यातच. तयार लूप, म्हणजे पुन्हा पुन्हा वाजणारा ठेक्याचा किंवा सुरावटीचा आयता तुकडा, वापरला असेल तर त्याचा परवाना काय म्हणतो ते विचारा. तोच लूप इतर शंभर जणांनी वापरलेला असतो, आणि त्यातल्या एखाद्याने आपलं गाणं यूट्यूबच्या कंटेंट आयडीत, म्हणजे जुळणारं संगीत आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेत, घातलं असेल तर तुमच्याच गाण्यावर दावा येऊ शकतो. शेवटचं पेमेंट देताना सगळे स्टेम्स, म्हणजे आवाजाचे आणि वाद्यांचे वेगवेगळे ट्रॅक, २४ बिट वेव्ह फाइल्समध्ये, सगळे एकाच क्षणापासून सुरू होणारे, मागून घ्या. नुसता अंतिम मिक्स हाती असला आणि समोरच्याची हार्ड डिस्क गेली, की गाणं तिथेच अडकतं.

हे सगळं मागितलं तर समोरच्याला अविश्वास वाटेल असं मला वाटायचं. अनुभव उलटा आला. चांगले लोक तो कागद पाहून सैल होतात, कारण त्यांनाही कुणीतरी कधीतरी बुडवलेलं असतं.

आता दुसरी भीती. हिच्यावर कागद चालत नाही. माझं एक गाणं काळी तीनच्या पट्टीत बांधलेलं होतं. अंतऱ्यात वरच्या षड्जावर आवाज फुटायच्या बेतात यायचा, आणि मला वाटायचं की गाण्याचा जीव तिथेच आहे. संयोजिकेने ते न विचारता त्याहून खालच्या पांढरी तीनमध्ये लावून पाठवलं, ठेकाही काढून टाकला. मला राग आला. माझा मूळ डेमो मी तीन महिने ऐकत होते, कानाला त्याचीच सवय झाली होती. ती म्हणाली, दोन दिवस ऐकू नकोस, मग फक्त दुसरा अंतरा ऐक. ऐकला. वर चढताना जे शब्द मी नुसते ओरडत होते ते पहिल्यांदा बोलल्यासारखे आले. ‘राहिलं’ या शब्दातला शेवटचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. आम्ही पट्टी तिचीच ठेवली. ठेका मात्र मी परत मागितला, आणि तिने कुरकुर न करता दिला. तेव्हापासून कुठल्या दोन गोष्टींना हात लावायचा नाही हे मी काम देतानाच सांगते, आणि बाकी सगळं खरंच मोकळं सोडते. वीस गोष्टी सांगून बसलात तर संयोजक नुसता तुमचा डेमो स्वच्छ करून देईल.

प्रसिद्धीची घाई करू नका. वितरकाकडे, म्हणजे गाणं ऐकण्याच्या ॲप्सवर पोचवणाऱ्या सेवेकडे, गाणं चार आठवडे आधी चढवा. स्पॉटिफायच्या संपादकांकडे पाठवायचं तर किमान सात दिवस आधी पाठवलेलं बरं. प्रत्येक ध्वनिमुद्रणाला आयएसआरसी हा अक्षरं आणि अंक मिळून १२ चिन्हांचा कोड मिळतो, तो स्वतःकडे लिहून ठेवा. पुढे वितरक बदललात तर तोच कोड द्यायचा, नाहीतर आधीचे ऐकले गेल्याचे आकडे तुटण्याचा धोका असतो.

पहिल्यांदा आठातलं सगळ्यात लाडकं गाणं देऊ नका, तिसरं-चौथं द्या. नुसता आवाज आणि एक वाद्य असलेला डेमो पाठवा आणि उत्तराची वाट पाहा. ‘हे कुणाला उद्देशून आहे?’ असं कोणी विचारलं, की मी त्या माणसाबरोबर दुसरं गाणंही करते.