मास्तर, एक शंका: पिनकोड रुसला

प्रश्न: नातू सहावीत आहे. तो म्हणतो, "आजी, आपला पिनकोड हर्षद आहे, आत्याचा नाही." आम्ही मुलुंड पश्चिमेला, ४०००८०. माझी लेक पूर्वेला, ४०००८१. ती रुसून बसलीय. हे हर्षद काय प्रकरण आहे?
– एक आजी, मुलुंड

उत्तर: ताई, हा शब्द एका शाळामास्तरांचा. दत्तात्रय रामचंद्र कापरेकर, जन्म १९०५चा, डहाणूचा. नोकरी देवळालीच्या शाळेत. ज्या संख्येला तिच्याच अंकांच्या बेरजेने निःशेष भाग जातो ती हर्षद, म्हणजे हर्ष देणारी.

तुमची बेरीज चार नि आठ, बारा. इथे कागदही लागत नाही. बेरीज १२ म्हणजे ३ने भाग जातो, शेवटी ८० म्हणजे ४नेही जातो. ३ आणि ४ यांच्यात सामाईक अवयव नाही, तेव्हा १२ने जाणारच. लेकीची बेरीज १३. तिथे मात्र भागाकार मांडावा लागतो, आणि बाकी उरते ६.

बेरीज ९ आली की डोळे मिटून हो म्हणावं, नवाची कसोटीच ती. कुलाबा ४००००५, दादर पूर्व ४०००१४, मंत्रालय ४०००३२, वांद्रे पश्चिम ४०००५०, सगळे बसल्या जागी हर्षद. आणि फोर्टचा मानाचा ४००००१? बेरीज ५, शेवटचा अंक १. गेला!

नातवाला विचारा, दहाच्या पुढची एखादी मूळ संख्या हर्षद सापडते का? शोधू दे त्याला दोन दिवस. सापडायची नाही. मूळ संख्येला विभाजक दोनच, १ आणि ती स्वतः. अंकांची बेरीज पडते मधेच कुठेतरी.

खरं सांगायचं तर हर्षदपणा संख्येचा नाही, आपल्या लिहिण्याचा आहे. १२ हर्षद आहे, पण आठाच्या पायावर, म्हणजे दहादहाऐवजी आठाआठाचे गट करून, बारा लिहिले की होतात '१४': आठाचा एक गट नि वर चार. बेरीज ५, आणि बाराला पाचाने भाग जात नाही. मूळ संख्या मात्र कशीही लिहा, मूळच राहते. म्हणून कुणी याला पोरखेळ म्हणतं. म्हणेना! कसोट्या नुसत्या पाठ करायला सांगितल्या की माझा वर्ग जांभया द्यायचा. घरचा पिनकोड तपासा म्हटलं की वह्या उघडायच्या.

लेकीला सांगा, मी दादर पश्चिमेचा, ४०००२८. बेरीज १४, आणि बाकी माझीही ६च.