विषुववृत्त ओलांडताना नवख्या खलाशांना भादरतात, हे खरं का?

हो, खरं आहे. जहाज विषुववृत्त ओलांडतं तेव्हा जुन्यांपैकी एक जण समुद्रदेव नेपच्यून बनतो. दोरखंडाची दाढी, हातात त्रिशूळ, भोवती राणी आणि न्हावी. पहिल्यांदाच रेषा ओलांडणाऱ्यांना त्याच्यापुढे हजर करतात, आरोप वाचून दाखवतात आणि भादरण्यासारखी शिक्षा देतात. अमेरिकी नौदलात नवख्याला पॉलीवॉग म्हणतात, विधी पार पडला की तो शेलबॅक होतो. तसं प्रमाणपत्रही मिळतं आणि लोक ते जपून ठेवतात.

यातून चार्ल्स डार्विनही सुटला नाही. फेब्रुवारी 1832, जहाज बीगल. डोळे बांधून त्याला फळीवर बसवलं, तोंडाला डांबर आणि रंग फासला, खरबरीत लोखंडी पट्टीने तो खरवडला आणि फळी उलटवून त्याला पाण्यात पाडलं. तरी त्याच्या वाट्याला कमीच आलं. बाकीच्यांच्या तोंडात घाण कोंबली होती.

माझ्या मते या प्रथेचा खरा उपयोग म्हणजे महिनोन्‌महिने एकत्र राहणाऱ्या माणसांमधला हुद्द्याचा ताण थोडा वेळ सैल होतो. अधिकारी नवखा असेल, तर त्यालाही साध्या खलाशासमोर गुडघे टेकावे लागतात! पण या प्रथेच्या आडून मारहाणही झाली आहे, आणि ती मला अजिबात मान्य नाही. अमेरिकी नौदलाने छळाविरुद्ध नियम कडक केले ते योग्यच झालं.

तुम्ही मर्चंट नेव्हीत जाणार असाल तर घाबरू नका, पण नको वाटलं तर स्पष्ट नाही म्हणा.