ठाण्यात घरी बसून कॉलेजच्या लायब्ररीचे डेटाबेस कसे उघडायचे?

कॉलेजात उघडणारा लेख घरी पैसे मागतो, कारण प्रकाशक तुम्हाला नाही, कॉलेजच्या आयपी पत्त्याला (इंटरनेट जोडणीच्या क्रमांकाला) ओळखतो. कॅम्पसमध्ये असतानाही मोबाइल डेटा चालू असेल तर हेच होतं, वायफायवर या.

घरून वाचायला लायब्ररीत विचारा: कॉलेज एन-लिस्टचं, म्हणजे कॉलेजांना ऑनलाइन जर्नल आणि पुस्तकं देणाऱ्या सरकारी योजनेचं, सभासद आहे का? असेल तर ग्रंथपाल तुमच्या नावाने लॉगिन काढून देतात. आधी एन-लिस्टच्या साइटवर लॉगिन करा, तिथूनच जर्नल उघडा. गूगलवरून थेट गेलात तर पुन्हा पैशांची खिडकी समोर. शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतल्या पीएचडी प्रबंधांच्या साइटवरचे प्रबंध मात्र कुणालाही मोफत, लॉगिनही नको.

शोधताना खरी मेख स्पेलिंगची. ठाणे खाडीवर काम करत असाल तर इंग्रजीत 'थाने क्रीक' (Thane Creek) दुहेरी अवतरणचिन्हांत टाका, म्हणजे दोन्ही शब्द सलग असलेलेच लेख येतील. मग 'थाना क्रीक'ही (Thana Creek) शोधा, शेवटी ई ऐवजी ए. जुन्या लेखांत हेच स्पेलिंग सापडतं; ते सोडलंत तर खाडीच्या प्रदूषणावरचं बरंच जुनं काम हातून निसटेल.

आणि कृपा करून शेकडो पीडीएफ एकदम उतरवू नका. प्रकाशक अख्ख्या कॉलेजचा प्रवेश बंद करू शकतो, ऐन परीक्षेतसुद्धा.