वाचकांचे प्रश्न : वृद्धाश्रमातला संसर्ग, नळी, खरूज आणि ९९चा ताप

आमच्या वृद्धाश्रमातल्या बावीस जणांपैकी पाच जणांना लघवीची नळी कायमची आहे. दर महिन्याला कुणाला तरी थंडी वाजून ताप येतो. लघवी गढूळ दिसली की आम्ही लगेच कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करून अँटिबायोटिक सुरू करतो, तरी फरक नाही. (व्यवस्थापिका, सातारा)

गढूळ लघवी पाहून औषध देणं आधी थांबवा. नळी महिनाभर राहिली की लघवीत जंतू सापडतातच, त्यामुळे कल्चर पॉझिटिव्ह येणारच. ताप, हुडहुडी, ओटीपोटात किंवा कुशीत दुखणं यातलं काहीच नसेल, तर अँटिबायोटिकने फक्त साधे जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे उरतात. पुढच्या खऱ्या तापाला मग गोळी लागू पडत नाही. लक्षणं असतील तर कल्चर जरूर करा, पण नमुना पिशवीतून घेऊ नका. नळी दोन आठवड्यांहून जुनी असेल तर ती बदलून नव्या नळीतून घ्यायला सांगा.

आता पिशवी रिकामी कशी होते ते एकदा सकाळी उभं राहून बघा. बहुतेक ठिकाणी मावशी एकच मग्गा घेऊन सगळ्या खाटांवर फिरतात. पिशवीची तोटी मग्ग्याच्या काठाला टेकते, आणि पहिल्या खाटेवरचे जंतू पाचव्या खाटेपर्यंत पोचतात. हातमोजे असतात, पण तेच पाचही जणांना. अशा मोज्यांनी मावशींचे हात स्वच्छ राहतात, आजोबांची नळी नाही. प्रत्येकाच्या नावाचा वेगळा मग्गा ठेवा. दर खाटेला मोजे काढायचे, हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुवायचे किंवा सॅनिटायझर २० ते ३० सेकंद चोळायचं, मग नवे मोजे. तोटी कशालाही टेकू द्यायची नाही. बंद करण्याआधी स्पिरिटच्या बोळ्याने पुसायची.

पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली हवी, पण फरशीला टेकलेली नको. व्हीलचेअरवर बसवताना ती हमखास मांडीवर ठेवली जाते आणि साठलेली लघवी उलटी वर जाते. म्हणून उचलण्याआधी पिशवी रिकामी करा. एरवीही ती दोन-तृतीयांश भरू देऊ नका. जड पिशवी नळीला ओढते. ओढ बसू नये म्हणून नळी मांडीला चिकटपट्टीने बांधून ठेवा. नळी आणि पिशवीचा सांधा धुण्यासाठी वगैरे उघडू नका. नळीभोवतीची जागा रोज साबण-पाण्याने धुतली की पुरे, तिथे अँटिसेप्टिक नको.

आणि पाचही जणांना नळी खरंच हवी आहे का, हे डॉक्टरांना दर भेटीत विचारा. कपडे ओले होतात एवढ्यासाठी घातलेली नळी काढलेली बरी, त्यासाठी डायपर आहेत.

दोन आजींना खरूज झाली. मलम लावून बरी झाली, महिन्याने चौघींना. (काळजीवाहक, कोल्हापूर)

कारण मलम फक्त दोघींना लावलंत. खरजेचा किडा पहिल्यांदा अंगात शिरला की खाज सुटायला चार ते सहा आठवडे जातात. तोवर माणूस ठणठणीत दिसतो आणि इतरांना देत राहतो. त्यामुळे सगळे रहिवासी, कर्मचारी, अगदी स्वयंपाकीणबाईसुद्धा, एकाच दिवशी. डॉक्टरांनी पर्मेथ्रिन ५ टक्के हे मलम दिलं, तर माणशी एका वेळी साधारण ३० ग्रॅम लागतं आणि ७ ते १४ दिवसांनी पुन्हा तेवढंच. १८ रहिवासी आणि ७ कर्मचारी असतील तर ३० ग्रॅमच्या ५० ट्यूब आधी आणून ठेवा. निम्म्यात संपलं की सगळी मेहनत वाया.

रात्री कोरड्या, थंड त्वचेवर मानेपासून तळपायापर्यंत लावा. वृद्धांना टाळू, कानामागे आणि चेहऱ्यालाही, डोळे-ओठ सोडून. नखं कापून त्यांच्याखालीही. ८ ते १४ तासांनी अंघोळ. मधे हात धुतले तर हातांना पुन्हा लावायचं, हे मावशी नेमकं विसरतात. चादरी-कपडे गरम पाण्यात धुवा. न धुता येणारी शाल प्लॅस्टिकच्या पिशवीत तीन दिवस घट्ट बांधून ठेवा. नंतरही दोन-चार आठवडे खाज राहू शकते. तेवढ्यावरून मलम पुन्हा पुन्हा लावू नका.

कुणाच्या हातापायावर जाड खपल्या आहेत पण खाज फारशी नाही, तर 'कोरडी त्वचा' म्हणून सोडू नका. साध्या खरजेत अंगावर दहा-पंधरा किडे असतात, या खपल्यांत हजारो. अशा व्यक्तीला वेगळ्या खोलीत ठेवून त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. तिला मलमाबरोबर गोळ्याही लागतात.

९९ म्हणजे ताप धरायचा का? (वाचक, डोंबिवली)

एकदाच आला तर नाही, पण वारंवार ९९च्या वर जात असेल, किंवा त्या व्यक्तीच्या नेहमीच्या तापमानापेक्षा २ अंश चढला असेल, तर धरायचा. १०० च्या वर एकदा गेला तरी धरायचा. म्हणून निरोगी असताना प्रत्येकाचं तापमान वहीत लिहून ठेवा, काही आजोबांचं नेहमीचंच ९७ असतं. जेवण सोडलं, एकाएकी बरळायला लागले, पडले, तर ताप नसतानाही डॉक्टरांना फोन करा. त्याआधी छातीकडे बघत पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. २५ किंवा जास्त भरले तर फोनवर सगळ्यात आधी तेच सांगा.